व्यक्तिमत्त्व, नातेसंबंध आणि अध्ययन यांवर लघुप्रबंध लिहिताय? या चुका टाळा

दरवर्षी उन्हाळा चढू लागला की मानसशास्त्राच्या लघुप्रबंधांचे गठ्ठे माझ्या टेबलावर येऊन पडतात आणि पहिल्या दहा पानांतच मला ओळखीच्या चुका भेटू लागतात. विषयांबद्दल माझी तक्रार नाही. विडी कामगार महिलांचे वैवाहिक जीवन, यंत्रमागावर रात्रपाळी करणाऱ्यांचा स्वभाव, वसतिगृहातील मुलामुलींच्या अभ्यासाच्या सवयी हे विषय सोलापूरच्याच विद्यार्थ्यांनी हाताळायला हवेत. तक्रार आहे ती घाईबद्दल. प्रश्नावली इंटरनेटवरून उतरवायची, दोन रात्रींत मराठीत आणायची, तिसऱ्या दिवशी वाटायची आणि आठवड्याभरात निष्कर्ष काढायचा, या पद्धतीने चादरीचा नमुनासुद्धा कोणी काढत नाही.

सर्वांत महागात पडणारी चूक भाषांतराची आहे, आणि तिच्याविषयी मी अधिकाराने लिहितो, कारण ती एकदा माझ्या सहीने पुढे गेली आहे. एका विद्यार्थिनीने प्रौढांच्या जवळच्या नात्यांतील आसक्ती, म्हणजे भावनिक बंध, मोजणारी, ब्रेनन, क्लार्क आणि शेव्हर यांची १९९८ सालची प्रश्नावली निवडली होती. तिच्यात ३६ विधाने आहेत. त्यांपैकी १८ नात्यातील चिंता मोजतात आणि १८ जवळीक टाळण्याची वृत्ती मोजतात. तिने मराठी भाषांतर केले, दुसऱ्या एका जाणकाराकडून ते पुन्हा इंग्रजीत करून घेतले आणि दोन्ही इंग्रजी मजकूर जवळजवळ तंतोतंत जुळले. ब्रिसलिन यांनी १९७० मध्ये मांडलेली उलट भाषांतराची पद्धत पाळली गेली म्हणून मीही समाधानाने सही केली. ती विडी घरकुल या विडी कामगारांच्या वसाहतीत फिरली, मेहनतीने माहिती गोळा करून आली, आणि निष्कर्ष असा निघाला की या महिला आपल्या नवऱ्यांपासून भावनिकदृष्ट्या फार दूर आहेत.

हा निष्कर्ष मला पटेना, म्हणून आम्ही दोघे त्यांतल्या काही घरी पुन्हा गेलो. जोडीदारावर अवलंबून राहणे आपल्याला सोयीचे वाटते, अशा अर्थाच्या विधानापुढे बहुतेकींनी ‘पूर्णपणे असहमत’ असे नोंदवले होते. त्याचे कारण विचारताच सुपातली पाने पुढे सरकवत एक बाई म्हणाल्या, “अवो ताई, घर माझ्या विड्यांवर चालतंय, मी कुनावर अवलंबून ऱ्हाऊ?” इंग्रजी विधानाला मनाचा आधार अभिप्रेत होता, तर आमच्या मराठी शब्दाने त्यांच्यासमोर हजार विड्यांमागे मिळणाऱ्या मजुरीचा हिशेब उभा केला. हे विधान मूळ प्रश्नावलीत उलट गुण द्यायचे (म्हणजे असहमतीला जास्त गुण) असल्यामुळे त्यांचा स्वाभिमानी नकार आमच्या तक्त्यात जवळीक टाळण्याची वृत्ती म्हणून जमा झाला. अशी आणखी चार-पाच विधाने निघाली. ‘रोमँटिक पार्टनर’साठी योजलेला ‘प्रणयी जोडीदार’ हा शब्दप्रयोग तर बावीस वर्षांच्या संसारातील बाईने पदर तोंडाला लावून ऐकला होता.

उलट भाषांतर शब्द तपासते, शब्द ऐकणाऱ्याच्या मनात काय उमटते ते तपासत नाही. त्या दिवसापासून माझी सवय अशी आहे की कोणतीही प्रश्नावली वाटण्याआधी ज्यांच्यासाठी ती आहे त्यांच्यापैकी किमान पाच जणांसोबत चहा घेत बसायचे, एकेक विधान वाचून दाखवायचे आणि त्याचा अर्थ त्यांनी त्यांच्या शब्दांत सांगायचा. अर्थ सांगताना तिघे अडखळले तर विधान बदलायचे. याला दोन दुपारी लागतात, आणि विद्यार्थ्यांना नेमक्या याच दोन दुपारी वाया गेल्यासारख्या वाटतात.

याला जोडूनच आणखी एक गोष्ट. सोलापूरच्या पूर्व भागात मराठी प्रश्नावली सहज वाचली जाते, म्हणून ती त्याच सहजतेने समजली असे होत नाही, कारण कितीतरी घरांत तेलुगू बोलली जाते, आणि शहरात इतरत्र कन्नड किंवा दखनीही. ‘मातृभाषा’ या रकान्यातही उत्तर शाळेच्या दाखल्यावरचेच मिळते. त्याऐवजी मी विद्यार्थ्यांना विचारायला सांगतो, “घरात भांडण कोणत्या भाषेत होते?” नातेसंबंधांची प्रश्नावली त्या भाषेत असावी. साधन जगभर वापरले जाते म्हणून ते इथेही चालणारच, हा युक्तिवाद मी ऐकून घेत नाही. व्यक्तिमत्त्वाच्या पाच घटकांचे प्रारूप पन्नासहून अधिक संस्कृतींत तपासले गेले आहे, पण बोलिव्हियातील त्सिमाने लोकांपैकी ६३२ प्रौढांवर केलेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ते पाच घटक नीट दिसलेच नाहीत.

दुसरी चूक उलट विधानांच्या गुणांकनाची. ती इतकी साधी आहे की ती पाहून मला राग येतो. रोझेनबर्ग यांच्या १९६५ सालच्या आत्मसन्मान मापनीत १० विधाने आहेत, त्यांपैकी ५ स्वतःविषयी चांगले सांगणारी आणि ५ उणे सांगणारी. उणे विधानांचे गुण फिरवून घ्यावे लागतात. चार पर्याय असतील तर मिळालेला गुण ५ मधून वजा करायचा, पाच पर्याय असतील तर ६ मधून. एका विद्यार्थ्याने ते केले नाही, आणि त्याच्या क्रॉनबॅक आल्फाची, म्हणजे विधाने एकमेकांशी किती सुसंगत आहेत हे सांगणाऱ्या आकड्याची, किंमत ऋण आली. एसपीएसएस हे सांख्यिकीचे सॉफ्टवेअर अशा वेळी आकड्याखाली टीप छापते की विधानांमधील सरासरी सहविचरण (गुण एकत्र वर-खाली होण्याचे माप) ऋण आहे, तेव्हा गुणांकन एकदा तपासून पाहा. त्याने टीप वाचली नाही. ‘हे विधान वगळल्यास आल्फा किती होईल’ हा रकाना मात्र त्याने बारकाईने वाचला आणि आकडा देखणा होईपर्यंत एकेक विधान काढून टाकत गेला. शेवटी चार विधाने उरली, चारही स्तुतिपर. आत्मसन्मान मोजायला निघालेला हा प्रबंध त्या चार वाक्यांवर उभा राहून माझ्याकडे आला, आणि विश्वसनीयता ‘उत्तम’ असल्याचे त्यात ठळक अक्षरांत लिहिले होते.

गुण फिरवूनही आल्फा सुधारला नाही, तर दोष बहुधा आपल्या वाक्यरचनेत असतो. ‘अभिमान वाटावा असे माझ्याकडे फारसे काही नाही’ या विधानापुढे ‘असहमत’ लिहायचे म्हणजे नकाराला नकार द्यायचा. दमलेला माणूस मनात ‘आहे की अभिमान’ असे म्हणतो आणि ‘सहमत’वर खूण करून मोकळा होतो. उणे विधान शक्य तेथे ‘नाही’ न वापरता लिहावे, आणि खात्रीसाठी दोन-तीन जणांकडून ते मोठ्याने वाचून घ्यावे. माझ्या स्वतःच्या प्रतीवर उलट विधानांच्या अंकांभोवती लाल पेन्सिलीचे गोल असतात. एक्सेलमध्ये मूळ रकाना मी कधीही बदलत नाही, फिरवलेल्या गुणांसाठी शेजारी नवा रकाना करतो. विद्यार्थी मूळ रकान्यातच गुण फिरवतात आणि दुसऱ्या दिवशी आठवण न राहिल्याने ते पुन्हा फिरवून होते तसे करून ठेवतात.

अध्ययनावरील प्रबंधांत ‘दृश्य, श्राव्य की क्रियाशील’ ही वर्गवारी अजून येते. शिकण्याच्या शैलीनुसार शिकवल्याने अधिक शिकले जाते या दाव्याला पुरेसा आधार नाही, असे पॅशलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये सविस्तर आढावा घेऊन दाखवले. मुलांना काय आवडते हे जरूर विचारावे, पण आवड म्हणजे परिणामकारकता असे लिहू नये. त्याहून सूक्ष्म चूक चाचणीच्या वेळेची आहे. रोडिगर आणि कार्पिक यांच्या २००६ मधील प्रयोगात पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा उतारा पुन्हा पुन्हा वाचणारे पुढे होते, पण आठवड्यानंतर वारंवार वाचणाऱ्यांना सुमारे ४० टक्के, तर न पाहता आठवून लिहिण्याचा सराव केलेल्यांना सुमारे ६१ टक्के मजकूर आठवला. आपले विद्यार्थी शिकवण्याचा प्रयोग आणि चाचणी एकाच तासिकेत उरकतात, कारण शाळेत दुसऱ्यांदा परवानगी मागण्याचा कंटाळा येतो, आणि मग जी पद्धत आठवड्यात हरली असती तिला विजयी घोषित करतात. शाळेत पहिल्यांदा जाल तेव्हाच दोन तारखा मागून घ्या.

बाकीच्या चुकांना एकेक वाक्य पुरे. नवरा-बायकोला एकाच खाटेवर शेजारी बसवून वैवाहिक समाधानाची प्रश्नावली भरून घेऊ नये, आणि सासूबाई दारात असतील तर दुसऱ्या दिवशी जावे. मित्रांच्या व्हॉट्सअॅप गटांत गुगल फॉर्म फिरवून ‘सोलापूर शहरातील तरुण’ असे शीर्षक देऊ नये. बहिर्मुखतेचे गुण मध्यावर कापून माणसांचे बहिर्मुख आणि अंतर्मुख असे दोन ढीग करू नयेत, कारण मध्याच्या दोन्ही बाजूंची बहुतेक माणसे एकमेकांसारखीच असतात. सहसंबंध मिळाला म्हणून ‘मुळे’ हा प्रत्यय वापरू नये. पी-मूल्य (खरा परिणाम नसतानाही असा आकडा निव्वळ योगायोगाने येण्याची शक्यता) ०.०५ च्या किंचित वर आले म्हणून आणखी दहा प्रश्नावल्या भरून आणणे याला मी लबाडीच म्हणतो, मग सहाध्यायी काहीही म्हणोत.

आणि भरलेल्या मूळ प्रश्नावल्या तोंडी परीक्षा होईपर्यंत रद्दीत घालू नयेत. गेल्या खेपेला एका तक्त्यात ३४ वर्षांची विवाहिता आणि वैवाहिक आयुष्य ४१ वर्षे अशी नोंद दिसली. मूळ कागद मागितला तेव्हा तो दिवाळीच्या साफसफाईत गेल्याचे समजले, आणि ती बाई कोण, चूक वयात की वर्षांत, हे आता कोणालाच सांगता येणार नाही.