लाल डावीकडे की उजवीकडे? बोया ओळखताना या चुका टाळा

बोट चालवण्यात नागपूरकरांचा हात बसतो तो खिंडसीसारख्या तलावात. तिथे भरती-ओहोटी नाही, बंदराची वाट नाही, त्यामुळे बोयांचा, म्हणजे पाण्यातली वाट आणि धोका दाखवणाऱ्या तरंगत्या खुणांचा, अभ्यास मागेच पडतो. मग सुट्टीत मालवण-अलिबागकडे बोट चालवायला मिळाली की मोबाईलवर पाहिलेले व्हिडिओ आठवायचे. घोळ होतो तो तिथेच.

कारण ते व्हिडिओ बहुतेक अमेरिकेतले. ‘बंदरात परतताना लाल उजवीकडे’ हे तिथलं सूत्र आपल्याकडे नेमकं उलटं आहे. १९८० मध्ये टोकियोच्या परिषदेत बोयांसाठी जगाचे दोन विभाग ठरले. अमेरिका खंड, जपान, दक्षिण कोरिया आणि फिलिपाइन्स ‘बी’ विभागात गेले. भारत ‘ए’ विभागात आहे. म्हणून आपल्याकडे समुद्रातून बंदरात शिरताना लाल बोया डाव्या हाताला, हिरवा उजव्या हाताला. बाहेर पडताना अर्थातच बाजू बदलतात, आणि घोकून पाठ केलेले लोक हेच विसरतात. पाठ करायचंच असेल तर दिशेसकट करा.

नुसत्या रंगावरही विसंबू नका. सूर्य समोर असला की लाल काय नि हिरवा काय, दोन्ही काळेच दिसतात. अशा वेळी आकार बघावा: लाल बोया डब्यासारखा सपाट माथ्याचा, हिरवा वर निमुळता. खांबासारखा असेल तर त्याच्या टोकावरची खूण पाहा.

पिवळ्या-काळ्या बोयाला बरेच जण ‘इथे धोका’ समजून कुठूनही वळसा घालतात. हा बोया दिशा सांगतो. उत्तरेचा असेल तर त्याच्या उत्तरेकडूनच जायचं. माथ्यावरच्या दोन शंकूंची टोकं काळा पट्टा कुठे आहे ते दाखवतात: दोन्ही वर म्हणजे उत्तर, दोन्ही खाली म्हणजे दक्षिण, वरच्याचं वर नि खालच्याचं खाली म्हणजे पूर्व, एकमेकांकडे म्हणजे पश्चिम. रात्री घड्याळ आठवा: पूर्वेला तीन चमका, दक्षिणेला सहा आणि एक लांब, पश्चिमेला नऊ. उत्तरेचा दिवा चमकायचा थांबतच नाही. शंकूंऐवजी दोन काळे गोळे आणि काळ्या अंगावर लाल पट्टा दिसला तर मात्र धोका त्या बोयाखालीच असतो. चारही बाजूंनी अंतर ठेवा.

बोया साखळीने बांधलेला असतो. ओहोटीला साखळी सैल पडते, तो सरकतो. वादळात जागाही सोडतो. त्याला घासून जाऊ नये, नकाशाशी ताडून पाहावं. बोट तर त्याला कधीच बांधू नका.

खूण कळलीच नाही तर? वेग उतरवा, आलात त्याच पाण्याने मागे फिरा, काठीने खोली बघा. किनाऱ्यावर असाल तर तांडेलाला, म्हणजे तिथल्या बोटीच्या प्रमुखाला, विचारा. त्याच्याइतकं नेमकं कुणी सांगणार नाही.

विदर्भातल्या धरणांत प्रश्न वेगळा. उन्हाळ्यात पाणी उतरलं की पावसाळ्यात बिनधास्त ओलांडलेले खडक आणि झाडांची खोडं वर येतात, पण त्यावर खूण असेलच असं नाही. सांडव्याच्या दारांपुढे तरंगत्या पिंपांची ओळ दिसली, तर मोटर बंद असतानाही तिच्याकडे वाहत जाऊ नका, मासा गळाला लागला असला तरी.