पाऊस कोणत्या दिवशी नाही पडला ते दाखवणारा चार्ट, कमांड लाइनवरून

आमच्या गावात श्रावणात दोन माणसं पारावर बसली का वाद एकच, औंदा पावसाचा खंड किती दिवसाचा पडला. एक म्हणते पंधरा, दुसरा म्हणते बावीस, अन् पऱ्हाटी दोघांचीही माना टाकून राह्यलेली. मी आंगणात पर्जन्यमापक लावून ठेवलं, रोज सकाळी साडेआठला मोजतो कारण हवामान खातंही त्याच वेळेला मोजते, अन् वहीत लिहितो. पण वही कोण वाचते भाऊ, चित्र असलं तं पाह्यतात. म्हणून मी ग्नूप्लॉट शिकलो, माऊसऐवजी लिहिलेल्या कमांडांवरून चार्ट काढते ते.

हे सॉफ्टवेअर १९८६ पासून चालू आहे, फुकट आहे, अन् नावात ग्नू असलं तरी फुकट सॉफ्टवेअरवाल्या ग्नू प्रोजेक्टशी त्याचं नातं नाही. नेट फक्त इन्स्टॉल करताना लागते. उबुंटू लिनक्सवर ‘सुडो एपीटी इन्स्टॉल ग्नूप्लॉट’, अँड्रॉइड फोनवर टर्मक्स (कमांड टाइप करायचं अ‍ॅप) असलं तं ‘पीकेजी इन्स्टॉल ग्नूप्लॉट’, झालं. सगळ्या कमांडा एका फाइलीत लिहून ठेवल्या का पुढच्या खरिपात फक्त आकडे बदलायचे, माऊस घेऊन पुन्हा तेच क्लिक क्लिक करत बसा लागत नाही.

पहिले डेटा. साधी टेक्स्ट फाइल, नाव पाऊस.सीएसव्ही, दर ओळीत तारीख, कॉमा, मिलिमीटर. तारीख वर्षापासून सुरू करा, २०२४-०७-०९ अशी, म्हणजे सॉर्ट केली तरी क्रम बिघडत नाही. अन् आकडे इंग्रजीच पाह्यजे बरं का. मी पहिल्या वर्षी मोठ्या हौसेनं मराठी आकड्यात अख्खा जून टाइप केला, अन् ग्नूप्लॉट म्हणे एकही पॉइंट सापडला नाही. त्याला ५ हा आकडा वाटतच नाही, नुसतं अक्षर वाटते. इथं मी कमांडा देवनागरीत लिहून राह्यलो, तुम्ही मात्र अक्षरं अन् आकडे दोन्ही इंग्रजीत टाका, फक्त चार्टवर छापायचं ‘अतिवृष्टी’वालं नाव मराठीत राहू द्या.

आता लय महत्त्वाचं. पाऊस नाही पडला त्या दिवशी ० लिहा, अन् मोजायचं राहून गेलं (आम्ही लग्नाला गेलो होतो वगैरे) त्या दिवशी प्रश्नचिन्ह टाका. ‘पडला नाही’ अन् ‘माहीत नाही’ ह्या दोन येगळ्या गोष्टी आहेत, त्या एक केल्या का खंडाचा हिशोबच खोटा होते.

आता दुसऱ्या फाइलीत, कमांडांच्या, हे लिहा:

सेट डेटाफाइल सेपरेटर ","
सेट डेटाफाइल मिसिंग "?"
सेट एक्सडेटा टाइम
सेट टाइमएफएमटी "%वाय-%एम-%डी"
सेट फॉरमॅट एक्स "%डी/%एम"
सेट एक्सटिक्स ६०४८००
सेट वायरेंज [०:]
सेट स्टाइल फिल सॉलिड
सेट बॉक्सविड्थ ६००००
सेट टर्मिनल पीएनजीकैरो साइज १२००,६७५ फॉन्ट "लोहित देवनागरी,१६"
सेट आउटपुट "पाऊस.पीएनजी"
प्लॉट "पाऊस.सीएसव्ही" यूजिंग १:२ विथ बॉक्सेस नोटायटल, ६५ विथ लाइन्स टायटल "अतिवृष्टी, ६५ मिमी"

टाइमएफएमटीमधला वाय कॅपिटल, लहान वाय म्हणजे दोन आकडी वर्ष. पीएनजीकैरोमधलं कैरो म्हणजे इजिप्तच्या कैरो शहराचंच स्पेलिंग, अन् ह्या टर्मिनलमध्ये (ग्नूप्लॉटमध्ये टर्मिनल म्हणजे चित्र कोणत्या प्रकारात काढायचं ते) मराठी जोडाक्षरं नीट येतात, फक्त फॉन्ट तुमच्या मशीनवर असला पाह्यजे. शेवटची ६५ ची आडवी रेघ कशाले तं महसूल मंडळात एका दिवसात ६५ मिलिमीटरच्या वर पडला का अतिवृष्टी धरतात, पंचनाम्याची गोष्ट निघाली का सगळ्यांची नजर त्याच रेघेवर जाते.

आता बॉक्सविड्थ ६०००० पाहून तुम्ही म्हणान हे काय बाप्पा. तारखेच्या अक्षावर ग्नूप्लॉट सगळं सेकंदात मोजते, एका दिवसाचे ८६४०० सेकंद, त्यातले ६०००० ची पट्टी, बाकीची फट. सवयीनं ०.८ टाकलं तं पट्टी एका सेकंदाचीही होत नाही, दिसतच नाही. अन् काहीच नाही टाकलं तं त्याच्याहून वाईट, पट्टी शेजारच्या पट्टीला चिकटेस्तोवर फुगते. तुम्ही फक्त पावसाचेच दिवस लिहिले असले तं वीस दिवसाचा कोरडा खंड त्या फुगलेल्या पट्टीखाली गडप! एक्सटिक्सचे ६०४८०० म्हणजे सात दिवसाचे सेकंद, दर आठवड्याला एक तारीख छापते.

काही जण पावसाची रेघ काढतात, विथ लाइन्स लावून. माह्या मते रोजच्या पावसाची रेघ काढूच नाही. कोरडे दिवस लिहिलेच नसले तं एक तारखेचा पाऊस अन् वीस तारखेचा पाऊस ह्यांच्या मधात तिरपी रेघ येते अन् पाहणाऱ्याला वाटते मधातही थोडा थोडा येऊन राह्यला होता. पट्टी खरी. कोरडा दिवस अन् न मोजलेला दिवस येगळा दिसाला पाह्यजे असला तं प्लॉटच्या ओळीत कॉमा देऊन तीच फाइल पुन्हा ‘विथ पॉइंट्स’ जोडा, शून्याच्या दिवशी तळाशी ठिपका येते, प्रश्नचिन्हाच्या दिवशी काहीच येत नाही.

रेघ शोभते ती एकूण पावसाला. ‘यूजिंग १:२ स्मूथ क्युम्युलेटिव्ह’ लिहा, जूनपासूनची बेरीज चढत जाते, अन् खंडात ती आडवी पडून राहते.

कमांडांची फाइल सेव्ह करून कमांड टाइप करायच्या खिडकीत (तिलेही टर्मिनलच म्हणतात) ‘ग्नूप्लॉट’ अन् पुढं त्या फाइलीचं नाव. ग्नूप्लॉटच्या आतमध्ये बसून एकेक कमांड देत असान तं शेवटी ‘अनसेट आउटपुट’ द्या, नाही तं चित्र अर्धवट राहू शकते. नुसतं पाह्याचं असलं तं ‘सेट टर्मिनल डम्ब ५० २०’ द्या, आउटपुटची ओळ काढून टाका, अक्षरांचाच चार्ट फोनच्या स्क्रीनवर येते, दिसाले गबाळा पण वावरात उभं राहून पाह्याले चालते.

फॉन्ट १६ पेक्षा लहान ठेवू नका, व्हॉट्सअ‍ॅप फोटो दाबून टाकते. अन् गावात प्रिंट काळीपांढरीच मिळते, म्हणून ६५ ची रेघ रंगानं येगळी करू नका, ‘लाइन्स’ नंतर ‘डॅशटाइप २’ टाकून तुटक करा. माह्यावाला पहिला चार्ट लाल निळा होता, झेरॉक्समधून दोन्ही सारखेच करडे निघाले अन् पारावर वाद पुन्हा पंधरा का बावीस तिथंच आला.