थंडीतली धिंगरी: काड निवडताना आणि वाळवताना

धिंगरी आळिंबीत (ऑयस्टर मशरूम) पालाश (पोटॅशियम) सर्वांत जास्त, त्याखालोखाल स्फुरद (फॉस्फरस), सोडियम कमी. ही खनिजे बुरशी काडातूनच उचलते आणि काडात शिसे-कॅडमियम असेल तर तेही उचलते. म्हणून बियाण्याइतकीच (स्पॉन, म्हणजे धान्यावर वाढवलेली बुरशी) काडाची निवड महत्त्वाची. द्राक्षबागेत आच्छादनाला पसरलेले काड बेडला (काड भरलेल्या पिशवीला) मुळीच वापरू नका. त्यावर बोर्डो आणि कॉपर ऑक्सिक्लोराइड या बुरशीनाशकांचे तांबे साचलेले असते. सांडपाण्यावर पिकलेलेही नको. इगतपुरी-त्र्यंबककडचा यंदाचा भाताचा पेंढा किंवा सोयाबीनचे काड घ्या, पावसात न भिजलेले.

10 किलो कोरडे काड 2-3 इंच कापून रात्रभर भिजवा, मग 80 अंशांच्या पाण्यात तासभर ठेवून निथळा. मूठ आवळल्यावर थेंब पडू नये, तळहात मात्र ओलसर व्हावा. थेंब पडत असताना भरलेल्या पिशव्या हमखास आंबतात, हिरवी बुरशीही धरते. ओले काड साधारण 30 किलो होते. त्याला 600 ते 900 ग्रॅम बियाणे थराथराने टाका.

पिशव्या बुरशीने पांढऱ्या होईपर्यंत खोली 22 ते 28 अंश हवी. डिसेंबर-जानेवारीत निफाडकडे पारा 10 अंशांखाली उतरला की वाढ थबकते. दारे-खिडक्यांना गोणपाट लावा; कोळशाची शेगडी नको, बंद खोलीत ती जिवावर बेतते. पुढे देठ लांब आणि टोपी बारीक येऊ लागली तर हवा कोंडली आहे, असे समजा आणि खिडकी उघडा.

टोपीची कड आत वळलेली असतानाच तोडणी करा.

अर्गोथायोनीन आणि फिनॉल ही धिंगरीतली मुख्य अँटिऑक्सिडंट. अर्गोथायोनीन उष्णतेला बऱ्यापैकी टिकते, पण फिनॉल आणि पालाश गरम पाण्यात उतरतात. वाळवण्याआधी धिंगरी उकळत्या पाण्यातून काढायची गरजच नाही. टोपीखालच्या पाकळ्यांची बाजू वर करून भर दुपारच्या उन्हात तास-दोन तास ठेवली तर ड जीवनसत्त्व वाढते. उरलेले वाळवण 45 ते 50 अंशांवर, तुकडा कट्कन मोडेपर्यंत. 10 किलो ताज्या मालाचा जेमतेम 1 किलो सुका होतो, तेव्हा दर त्या हिशेबाने धरा. बेदाण्याच्या जाळ्या वापरणार असाल तर गंधकाचा वास जाईपर्यंत धुवा.

पाकिटावर ‘मधुमेह बरा करते’ असले काही छापू नका; कायद्याने ते चालत नाही. औषधी रेशी आळिंबीला लाकडाचा भुसा आणि 28-30 अंशांची ऊब लागते, त्यामुळे नाशिकच्या थंडीत तिच्या नादी लागू नका.