अमेरिकेत फिजिशियन असिस्टंट व्हायचे असेल तर: कोणत्या संस्थेकडे, कशासाठी आणि केव्हा जावे

अमेरिकेत फिजिशियन असिस्टंट, म्हणजे डॉक्टरांच्या जोडीने रुग्ण तपासणारा आणि उपचार करणारा प्रशिक्षित व्यावसायिक, सर्वांच्या तोंडी असलेला ‘पीए’, होऊ पाहणाऱ्याच्या कानावर सुरुवातीलाच एआरसी-पीए, एनसीसीपीए, पीएईए, एएपीए अशी आद्याक्षरी नावे पडतात. ती ऐकायला इतकी सारखी आहेत की एका संस्थेला विचारायचा प्रश्न दुसरीला विचारला जातो आणि उत्तराची वाट पाहण्यात अर्जाची मुदत निघून जाते. न्यू जर्सी किंवा टेक्सासमध्ये वाढलेली मराठी मुले या व्यवसायाकडे वळतात तेव्हा घरातल्या मोठ्यांना एम.बी.बी.एस.ची वाट ठाऊक असते, ही नसते. भारतातून शिकून तिकडे गेलेल्यांची अडचण आणखी वेगळी असते. तिच्याविषयी पुढे सविस्तर लिहिले आहे.

सर्वप्रथम एक भेद मनात पक्का करावा. अधिस्वीकृती अभ्यासक्रमाला मिळते, प्रमाणपत्र व्यक्तीला मिळते आणि काम करण्याचा परवाना राज्य देते. तिन्ही गोष्टी देणारे वेगळे आहेत आणि त्यांचा क्रम बदलता येत नाही. व्यावसायिक संघटनेचे सदस्यत्व ही चौथी गोष्ट असून ती पूर्णपणे ऐच्छिक आहे.

ही विभागणी एका दिवसात झालेली नाही. डॉ. युजीन स्टेड यांनी १९६५ मध्ये ड्यूक विद्यापीठात नौदलातील चार माजी वैद्यकीय सहायकांना घेऊन पहिला वर्ग सुरू केला आणि १९६७ मध्ये त्यातून पहिली तुकडी बाहेर पडली, तेव्हा त्यांची परीक्षा घेणारी किंवा अभ्यासक्रम तपासणारी कोणतीही संस्था अस्तित्वात नव्हती. व्यावसायिकांची संघटना १९६८ मध्ये आणि अभ्यासक्रमांची संघटना १९७२ मध्ये स्थापन झाली. पहिली राष्ट्रीय परीक्षा १९७३ मध्ये झाली, तीही डॉक्टरांच्या परीक्षा घेणाऱ्या मंडळाने घेतली. पीएंची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देणारी स्वतंत्र संस्था, म्हणजे एनसीसीपीए, त्यानंतर उभी राहिली.

अभ्यासक्रम निवडण्यापूर्वी

पहिले काम एआरसी-पीएच्या, म्हणजे अ‍ॅक्रेडिटेशन रिव्ह्यू कमिशनच्या, संकेतस्थळावरील यादी उघडण्याचे आहे. पीए अभ्यासक्रमांना अधिस्वीकृती देणारी अमेरिकेतील ही एकमेव संस्था असून २००१ पासून ती स्वतंत्रपणे काम करते. या यादीत नसलेल्या अभ्यासक्रमाची पदवी कितीही प्रतिष्ठित विद्यापीठाची असली तरी तिच्या आधारे प्रमाणन परीक्षेला बसता येत नाही, म्हणून इतर कोणतीही चौकशी करण्याआधी नाव यादीत आहे की नाही ते पाहावे.

आपल्याकडच्या ‘नॅक’शी या संस्थेची तुलना करण्याचा मोह होतो, पण ‘नॅक’सारखी श्रेणी येथे दिली जात नाही. अभ्यासक्रमाच्या नावापुढे फक्त त्याची स्थिती लिहिलेली असते. ‘प्रोव्हिजनल’ म्हणजे अभ्यासक्रम नवा आहे आणि त्याला तात्पुरती मान्यता आहे. ‘कंटिन्यूड’ म्हणजे मान्यता नियमितपणे चालू आहे. ‘प्रोबेशन’ म्हणजे गंभीर त्रुटी आढळल्याने सुधारणेसाठी ठरावीक अवधी देण्यात आला आहे. प्रोबेशनवरील अभ्यासक्रमाची अधिस्वीकृती रद्द झालेली नसते आणि प्रोव्हिजनल अभ्यासक्रमातून उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्यालाही परीक्षेला बसता येते. तरीही प्रोबेशन कोणत्या कारणाने आले, हे मुलाखतीत सभ्य शब्दांत पण स्पष्टपणे विचारावे. ज्या नव्या अभ्यासक्रमाला अद्याप प्रोव्हिजनल स्थितीही मिळालेली नाही, त्याला विद्यार्थी दाखल करून घेण्याची मुभा नसते, त्यामुळे ‘मान्यता लवकरच मिळेल’ एवढ्या आश्वासनावर अनामत रक्कम भरू नये.

यादीनंतर प्रत्येक अभ्यासक्रमाच्या स्वतःच्या संकेतस्थळावर जावे. प्रमाणन परीक्षेच्या निकालाचा अहवाल आणि विद्यार्थ्यांच्या गळतीचा तक्ता हे दोन्ही तेथे प्रसिद्ध करणे एआरसी-पीएने बंधनकारक केले आहे. बहुतेक अर्जदार पहिल्याच प्रयत्नात उत्तीर्ण होणाऱ्यांची टक्केवारी पाहून थांबतात. माझ्या मते गळतीचा तक्ता अधिक बोलका असतो. वर्गातील कच्च्या विद्यार्थ्यांना परीक्षेपर्यंत पोहोचूच दिले नाही, तर निकाल आपोआप उजळ दिसतो. ज्या अभ्यासक्रमाचा निकाल जवळजवळ शंभर टक्के आहे पण दरवर्षी अनेक विद्यार्थी मध्येच बाहेर पडतात, त्याच्यापेक्षा थोडा कमी निकाल असूनही बहुतेक सर्वांना शेवटपर्यंत नेणारा अभ्यासक्रम सुरक्षित समजावा. अभ्यासक्रम साधारण सत्तावीस महिन्यांचा असतो आणि त्याचे शुल्क मोठे असते. मध्येच बाहेर पडलेल्याच्या हाती पदवी येत नाही, मात्र कर्ज फेडावेच लागते.

अर्ज करताना

अर्जाचा मार्ग पीएईए, म्हणजे पीए शिक्षणसंस्थांच्या संघटनेकडून जातो. ‘कॅस्पा’ ही केंद्रीय अर्जप्रणाली तिचीच असून बहुसंख्य अभ्यासक्रम याच प्रणालीतून अर्ज घेतात. ही संघटना अधिस्वीकृती देत नाही आणि प्रवेशाचा निर्णयही घेत नाही, त्यामुळे ‘माझा अर्ज का नाकारला’ हा प्रश्न तिला विचारून उपयोग नाही.

कॅस्पामध्ये दोन ठिकाणी हमखास चूक होते. पहिली मुदतीबाबत. काही अभ्यासक्रमांना दिलेल्या तारखेपर्यंत अर्ज फक्त सादर झालेला चालतो, काहींना गुणपत्रके आणि शिफारसपत्रे मिळून तो पूर्ण झालेला लागतो, तर काहींना कॅस्पाने पडताळून दिलेला अर्जच लागतो. पडताळणीला काही आठवडे लागू शकतात, म्हणून तारखेबरोबर ती तारीख कशासाठी आहे हेही टिपून ठेवावे. दुसरी चूक गुणांच्या सरासरीची. महाविद्यालयाने पुन्हा दिलेल्या विषयाचे जुने गुण वगळले असले तरी कॅस्पा सर्व प्रयत्नांचे गुण धरून सरासरी काढते, आणि अपेक्षेपेक्षा खाली आलेला आकडा पाहून अर्जदार गोंधळतो. तो हिशेब स्वतः आधीच करून पाहावा.

भारतातून शिकून गेलेल्यांसाठी

येथे सर्वाधिक गैरसमज आहेत, म्हणून स्पष्ट लिहिणे भाग आहे. पुण्याहून किंवा नागपूरहून एम.बी.बी.एस. अथवा बी.ए.एम.एस. होऊन लग्नानंतर अमेरिकेत गेलेल्या व्यक्तीला ‘डॉक्टरचा परवाना मिळेपर्यंत पीए म्हणून काम करा’ असा सल्ला परिचितांकडून अनेकदा मिळतो. हा सल्ला चुकीचा आहे. एनसीसीपीएच्या परीक्षेला बसण्यासाठी एआरसी-पीएची अधिस्वीकृती असलेला अमेरिकेतील अभ्यासक्रम पूर्ण करणे आवश्यक आहे आणि परदेशातील वैद्यकीय पदवी त्याची जागा घेऊ शकत नाही. भारतात पीएचेच शिक्षण घेतलेल्यांनाही हाच नियम लागू होतो. चेन्नईच्या मद्रास मेडिकल मिशनमध्ये १९९२ मध्ये सुरू झालेल्या अभ्यासक्रमापासून भारतात या व्यवसायाची वाटचाल झाली असून २०२१ च्या सहयोगी आरोग्यसेवा व्यवसायांविषयीच्या केंद्रीय कायद्यात त्याचा समावेश आहे, परंतु एआरसी-पीए अमेरिकेबाहेरील अभ्यासक्रमांना अधिस्वीकृती देत नाही.

तेव्हा अशा व्यक्तीने नव्या विद्यार्थ्याप्रमाणेच कॅस्पामधून अर्ज करावा. भारतातील गुणपत्रकांचे अमेरिकन मूल्यमापन करून घ्यावे लागते, आणि रसायनशास्त्र किंवा शरीररचनाशास्त्रासारखे पूर्वतयारीचे विषय अमेरिकेतील महाविद्यालयातच शिकलेले असावेत अशी अट अनेक अभ्यासक्रम घालतात. ही अट प्रत्येक अभ्यासक्रमाच्या कार्यालयाला ईमेलने विचारावी आणि आलेले उत्तर जपून ठेवावे. दूरध्वनीवर मिळालेले उत्तर पुढे कोणी मान्य करील याची खात्री नसते.

परीक्षा आणि प्रमाणपत्र

अभ्यासक्रम संपत आला की एनसीसीपीएशी संबंध येतो. तिची पहिली परीक्षा ‘पॅन्स’ या नावाने ओळखली जाते. तीत ३०० बहुपर्यायी प्रश्न असतात आणि ते ६० प्रश्नांच्या पाच भागांत विभागलेले असतात. गुणांची मोजपट्टी २०० ते ८०० अशी असून उत्तीर्ण होण्यासाठी ३५० गुण लागतात. अभ्यासक्रम पूर्ण झाल्यापासून सहा वर्षे किंवा सहा प्रयत्न, यांपैकी जे आधी संपेल तेवढीच संधी मिळते. ती संपल्यास अधिस्वीकृत अभ्यासक्रम पुन्हा पहिल्यापासून करण्यावाचून मार्ग उरत नाही. म्हणून ‘एकदा देऊन पाहू’ अशा वृत्तीने परीक्षेला बसू नये.

उत्तीर्ण झालेल्याला नावापुढे ‘पीए-सी’ लिहिण्याचा अधिकार मिळतो, पण तो टिकवावा लागतो. प्रमाणपत्राचे चक्र दहा वर्षांचे असते. दर दोन वर्षांनी निरंतर वैद्यकीय शिक्षणाचे १०० गुणांक नोंदवावे लागतात आणि त्यांतले किमान ५० पहिल्या प्रवर्गातले, म्हणजे मान्यताप्राप्त कार्यक्रमांतून मिळालेले, असावे लागतात. चक्राच्या अखेरीस पुनर्प्रमाणनाची परीक्षा असते. ती एका बैठकीत देता येते किंवा दर तिमाहीला २५ प्रश्न सोडवत अनेक तिमाह्यांत पूर्ण करता येते. नोकरी आणि घर सांभाळणाऱ्यांना हा दुसरा मार्ग सोयीचा वाटतो. गुणांकांची मुदत ३१ डिसेंबरला संपते, आणि नाताळच्या सुट्टीत प्रमाणपत्रे शोधत बसण्यापेक्षा प्रत्येक चर्चासत्र संपताच नोंद करणे बरे. ज्यांना मनोविकार, अस्थिशल्यक्रिया, तातडीचे उपचार अशा शाखेतला अनुभव अधिकृतपणे दाखवायचा असेल, त्यांच्यासाठी २०११ पासून याच संस्थेची अतिरिक्त अर्हतेची प्रमाणपत्रे आहेत. ती सक्तीची नाहीत.

परवाना

प्रमाणपत्र मिळाले म्हणजे रुग्ण तपासता येतात असे नाही. महाराष्ट्रात डॉक्टरला महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे नोंदणी करावी लागते, तसे अमेरिकेत प्रत्येक राज्याकडून परवाना घ्यावा लागतो आणि तो देणारे कार्यालय राज्यागणिक बदलते. कॅलिफोर्नियात आणि टेक्सासमध्ये पीएंसाठी स्वतंत्र मंडळ आहे, तर न्यूयॉर्कमध्ये हे काम चक्क राज्याच्या शिक्षण खात्याकडे आहे. पहिल्या परवान्यासाठी पॅन्स सर्वत्र आवश्यक आहे. नूतनीकरणाच्या वेळी चालू प्रमाणपत्र लागते की नाही, हे मात्र राज्याच्या कायद्यावर अवलंबून असते. नियंत्रित औषधे लिहून द्यायची असतील तर केंद्र सरकारच्या अमली पदार्थविषयक यंत्रणेकडे, म्हणजे डीईएकडे, वेगळी नोंदणी करावी लागते. एकाहून अधिक राज्यांत काम करता यावे यासाठी आंतरराज्य करार झाला आहे, पण एखादे राज्य करारात सामील होणे आणि तेथे प्रत्यक्ष काम करण्याची मुभा मिळू लागणे यांत अंतर असते, म्हणून नोकरी स्वीकारण्यापूर्वी त्या राज्याच्या मंडळाकडे चौकशी करावी.

संघटनेचे सदस्यत्व

एएपीए ही संपूर्ण व्यवसायाची संघटना आहे. कायद्यांसाठी पाठपुरावा, अधिवेशने, वेतनाची माहिती आणि गुणांक मिळवून देणारे शिक्षण ही तिची कामे आहेत. विद्यार्थिदशेत सदस्यत्व घेणे उपयोगी पडते. नोकरी लागल्यावर आपल्या राज्याच्या संघटनेत जाणे मला अधिक फलदायी वाटते, कारण व्यवसायाचे नियम राज्याच्या विधिमंडळात ठरतात. एएपीएने २०२१ मध्ये व्यवसायाचे नाव बदलून ‘फिजिशियन असोसिएट’ करण्याचा निर्णय घेतला आणि स्वतःचे नावही बदलले, पण एनसीसीपीए आणि एआरसी-पीए यांच्या नावांत ‘असिस्टंट’ हाच शब्द आहे. ओरेगॉनने २०२४ मध्ये कायद्यात नवे नाव स्वीकारले. बहुतेक राज्यांच्या कायद्यांत जुनेच आहे, त्यामुळे अर्जात आणि स्वाक्षरीखाली परवान्यावर असेल तीच संज्ञा लिहावी.

शेवटी एक बाब खास मराठी अर्जदारांसाठी. आपल्या गुणपत्रकांवर आडनाव आधी असते, मधले नाव वडिलांचे असते, लग्नानंतर ते पतीचे होते, आणि पारपत्रावर आणखी तिसरीच रचना दिसते. कॅस्पा, एनसीसीपीए, परीक्षा केंद्रावर दाखवायचे ओळखपत्र आणि राज्याचा परवाना या चारही ठिकाणी नाव आणि आडनाव एकसारखे हवे. कॅस्पाचा अर्ज उघडण्यापूर्वीच पारपत्रावरचे नाव प्रमाण मानावे आणि जुन्या नावाची कागदपत्रे विवाहाच्या दाखल्यासह एका धारिकेत लावून ठेवावीत.