फटाक्यांच्या दोन गाळ्यांमधली तीन मीटर जागा कशी राखायची

दिवाळीत फटाका स्टॉलचं मैदान सांभाळायची जबाबदारी अंगावर आली असेल, तर आधी तीस मीटरचा टेप विकत घ्या. मी पुण्यात हे काम चौदा दिवाळ्या करतेय. सुरुवातीला आमच्या बचत गटाचा एकच गाळा होता, पुढे सगळ्या गाळेवाल्यांनी मिळून मैदानाची व्यवस्था माझ्याकडे दिली. परवाने, दाखले, पोलीस, अग्निशमन दल हे सगळं लागतंच. पण रोज संध्याकाळी खरं काम असतं ते दोन गाळ्यांमधली रिकामी जागा रिकामी ठेवायचं. ती भरून टाकायला प्रत्येकाकडे काही ना काही कारण असतं.

स्फोटक नियम 2008 मधला 84 क्रमांकाचा नियम सणासुदीच्या तात्पुरत्या दुकानांसाठी आहे. तो छोटा आहे, छापून प्रत्येक गाळेवाल्याच्या हातात द्या. गाळा न जळणाऱ्या साहित्याचा आणि बंद करता येईल असा हवा. दोन गाळ्यांत किमान 3 मीटर अंतर, आणि घर, शाळा, रुग्णालय, प्रार्थनास्थळ अशा ठिकाणांपासून 50 मीटर. गाळ्यांची तोंडं समोरासमोर नकोत. एका जागी 50 पेक्षा जास्त गाळे नकोत. आणि गाळ्यांच्या 50 मीटरच्या आत फटाका उडवायचा नाही.

दाट वस्तीच्या शहरात पहिली अडचण त्या 50 मीटरचीच येते. मैदान बघायला जाल तेव्हा फाटकापासून मोजू नका. सगळ्यात जवळच्या इमारतीच्या सगळ्यात पुढे आलेल्या कोपऱ्यापासून मोजा. कागदावर मोकळं दिसणारं मैदान असं मोजलं की निम्मं उरतं. उरलेल्या निम्म्यातच आखणी करा. वरून विजेच्या तारा जात असतील तर तो पट्टाही सोडून द्या.

आता हिशोब. दहा बाय दहा फुटांचा गाळा म्हणजे साधारण तीन मीटर रुंद. म्हणजे जेवढा गाळा, तेवढीच त्याच्या शेजारी मोकळी जागा. दहा गाळ्यांची रांग करायची तर गाळ्यांचे तीस आणि मधल्या नऊ फटींचे सत्तावीस, असे सत्तावन्न मीटर लागतात. ज्याला हे माहीत नसतं तो चाळीस मीटरमध्ये दहा गाळे बसवून मोकळा होतो. दोन रांगा करायच्या असतील तर दोन्हींची तोंडं एकाच दिशेला ठेवा, किंवा पाठीला पाठ ठेवून मध्ये अंतर सोडा. चुन्याची फक्की मांडववाला यायच्या आधी मारायची, नंतर नाही. एकदा खांब रोवले की कोणी ते उपटत नाही.

अंतर मोजायचं ते पत्र्यापासून पत्र्यापर्यंत, खांबापासून नव्हे. गाळेवाला उन्हासाठी पुढे आणि बाजूला फूट-दीड फूट छज्जा काढतो, शेजारीही काढतो, आणि तीन मीटरचे दोन होतात. मांडववाल्याला आधीच सांगून ठेवा की कापडी छत नको, झालर नको, बांबूला सुतळीने बांधलेली ताडपत्री नको. लोखंडी अँगल आणि पत्रा, बस. त्याला पैसे थोडे जास्त पडतात, ते सगळ्यांनी वाटून घ्यायचे.

मी इतकी मागे का लागते ते सांगते. नऊ वर्षांपूर्वी लक्ष्मीपूजनाच्या रात्री, साडेनऊच्या सुमाराला, मैदानाबाहेरून कुणाचं तरी रॉकेट वाकडं येऊन दोन गाळ्यांच्या मधल्या फटीत पडलं. तिथे रिकामी खोकी रचून ठेवली होती. गर्दी होती, मीही त्या संध्याकाळी चक्कर मारलेली नव्हती. पुठ्ठा भडकला आणि ज्वाळा पत्र्याला चाटायला लागल्या. शेजारच्या मुलाने ड्रममधून दोन बादल्या मारल्या, तिसरी मी मारली, विझलं. मग मी गाळ्यात जाऊन आतल्या बाजूने पत्र्यावर हात टेकवला, तो चटका बसून मागेच आला. त्या पत्र्याला टेकून झाडांचे, म्हणजे अनारांचे, बॉक्स रचलेले होते, आणि सगळ्यात खालच्या बॉक्सचा रंगीत कागद तपकिरी होऊन सुरकुतला होता. त्या दिवसापासून पाच, सात आणि नऊ वाजता मी प्रत्येक फटीतून स्वतः चालत जाते. खोकं, दुचाकी, प्लास्टिकची खुर्ची, डबा ठेवायची पिशवी, काहीही दिसलं की तिथल्या तिथे हलवायला लावते.

रिकाम्या खोक्यांची वेगळी सोय केल्याशिवाय हे जमत नाही, हेही लक्षात ठेवा. ती मैदानाबाहेर नेऊन टाकणारा एक माणूस संध्याकाळभर हवा. नुसतं ‘इथे ठेवू नका’ म्हणून कोणी ऐकत नाही, कारण गर्दीच्या वेळी त्याच्याकडे दुसरी जागाच नसते.

विजेचं काम ओळखीच्या पोराकडून करून घेऊ नका, परवानाधारक वायरमन आणा. दिवे भिंतीला किंवा छताला पक्के बसवलेले हवेत, वायरला लोंबणारा बल्ब नियमातच बसत नाही. प्रत्येक गाळ्याचा स्विच घट्ट बसवलेला आणि प्रत्येक रांगेला एक मुख्य स्विच. तो रांगेच्या टोकाला, हात सहज पोचेल असा घ्या. पहिल्या संध्याकाळी सगळ्यांसमोर तो एकदा बंद करून अंधार करून दाखवा. कुठला खटका दाबायचा ते चहावाल्या पोरालाही माहीत हवं.

समईचा प्रश्न दरवर्षी येतो. एका वर्षी एक वयस्कर काका फटाक्यांच्या गल्ल्यावरच लक्ष्मीचा फोटो मांडून निरांजन लावायला निघाले. मी म्हटलं, “काका, इथे ज्योत नको.” ते म्हणाले, “बाळा, वर्षाची लक्ष्मी आहे, बिनदिव्याची कशी पुजू?” मला त्यांचं म्हणणं मनापासून पटलं होतं, आणि तरी निरांजन तिथे चालणार नव्हतं. तेव्हापासून आम्ही पन्नास मीटरच्या बाहेर, फाटकाशी टेबल मांडून सगळ्या गाळ्यांची एकत्र पूजा करतो. प्रत्येकाची वही आणि फोटो तिथे येतात, काकाच आरती म्हणतात. उदबत्ती, डासांची कॉइल, विडी-सिगारेट, चहाचा स्टोव्ह यांनाही तोच नियम.

आग विझवायच्या साधनांबद्दल एक गोष्ट नीट समजून घ्या. फटाक्याच्या दारूतच ऑक्सिजन पुरवणारं रसायन असतं. त्यामुळे गोणपाट टाकून किंवा हवा तोडून पेटलेला फटाका विझत नाही. बादल्या, वाळू आणि पावडरची नळकांडी आहेत ती पुठ्ठा, कागद, वायर पेटली असेल तोवरची. मालाने पेट घेतला की मुख्य स्विच पाडायचा, ओरडायचं, 101 ला फोन करायचा आणि माणसं बाहेर काढायची. गल्ल्यातले पैसे आणायला कोणी परत आत जायचं नाही. 29 ऑक्टोबर 2016 ला औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, जिल्हा परिषद मैदानावर फटाका बाजार पेटला आणि शंभरावर दुकानं खाक झाली. आग एकदा एका गाळ्यातून दुसऱ्यात उडी घ्यायला लागली की बादलीने थांबत नाही.

म्हणून गाळ्याच्या मागच्या बाजूला दार हवं, आणि आत माणूस असेपर्यंत त्याला कुलूप नको. पुढची फळी उचलून बाहेर पडू असं सगळे म्हणतात, पण फळीवर माल आणि पुढे गिऱ्हाईक असतं. रात्री राखणीला पोरं गाळ्यातच झोपतात, तेही होऊ देऊ नका. गाळा बंद, कुलूप बाहेरून, राखणदार फाटकाशी. अग्निशमन दलाचा बंब फाटकातून वळतो का हे त्यांच्याच चालकाला विचारा. आमच्याकडे दोन वर्षांपूर्वी चालकाने सांगितल्यावर एक कमान काढावी लागली.

कागदपत्रांची घाई शेवटच्या आठवड्यात करू नका. पोलीस आयुक्तालय असलेल्या शहरात आयुक्तालयात, इतरत्र जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज जातो, आणि अग्निशमन दलाचा व जागामालकाचा ना हरकत दाखला जोडावा लागतो. परवान्यावर किती माल ठेवता येईल ते लिहिलेलं असतं. तो आकडा खडूने गाळ्याच्या आतल्या पत्र्यावर लिहून ठेवा. अठरा वर्षांखालच्या मुलाला विक्रीला बसवायचं नाही, कायद्यानेच बंदी आहे. ‘आमचाच भाचा आहे, हाताखाली असतो’ हे चालत नाही.

मालाचं म्हणाल तर बॉक्सवर उत्पादकाचं नाव-पत्ता नसेल तर तो उघडूच नका. पोटॅशियम क्लोरेट आणि गंधक एकत्र असलेल्या दारूवर 1992 पासून बंदी आहे, कारण ते मिश्रण नुसत्या घासण्यानेही उडू शकतं. स्वस्तातल्या बिननावाच्या मालात काय भरलंय ते कोणीच सांगू शकत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 23 ऑक्टोबर 2018 च्या निकालात लडींवर, म्हणजे जोडफटाक्यांच्या माळांवर, बंदी घातली आणि विक्री फक्त परवानाधारकांकडून व्हावी असं सांगितलं. आवाजाची मर्यादा चार मीटरवरून 125 डेसिबल आहे. गिऱ्हाईक ‘दहा हजारांची माळ नाही का?’ विचारतं, तेव्हा सरळ नाही म्हणा, आणि शेजारचा गाळा ठेवत असेल तर त्यालाही थांबवा. एका गाळ्यावर छापा पडला की त्याचा त्रास सगळ्या मैदानाला होतो.

‘एक लावून दाखवा ना’ म्हणणारे बाप आणि हट्टाला पेटलेली पोरं रोज येतात. त्यांच्याशी गाळेवाल्याने वाद घालायचा नाही, धंद्याच्या वेळी तो नरम पडतोच. फाटकावर दोन स्वयंसेवक असू द्या. आमच्याकडे महाविद्यालयातल्या मुली असतात. त्या बापाशी न बोलता पोराशी बोलतात: “घरी आजीसमोर लाव, इथे नको.” बहुतेक वेळा पोर ऐकतं.

फाटलेल्या बॉक्समधून दारू सांडली तर बुटाने घासू नका. मऊ केरसुणीने हलकेच गोळा करून पाण्याच्या बादलीत टाका.

भाऊबीज झाली की माणसं दमलेली असतात आणि उरलेला माल ‘पुढच्या वर्षाला होईल’ म्हणून घरी नेला जातो. फ्लॅटच्या माळ्यावर, पलंगाखाली, बाल्कनीत. माल घेतानाच घाऊक व्यापाऱ्याकडून लिहून घ्या की न उघडलेले बॉक्स तो परत घेईल. त्याच्याकडे कायमचा परवाना आणि गोदाम असतं. परवान्याची मुदत संपायच्या आदल्या दिवशी प्रत्येक गाळ्यातले बॉक्स मोजा, टेम्पो बोलवा आणि पावती हातात आल्याशिवाय गाळेवाल्याची अनामत परत करू नका. ओले आणि फुसके निघालेले फटाके दिवसभर पाण्यात बुडवून ठेवा. मग पत्रे उतरवायला सांगा.