'दुखस का, माय?' : कॅन्सर तपासणीतल्या या चुका टाळा

आरोग्य केंद्राच्या ओपीडीत कॅन्सरची तपासणी बहुतेक वेळा 'दुखस का, माय?' इथेच संपते. ती 'नही' म्हणते, आपण रजिस्टरमध्ये टिक मारतो. माझंही पहिलं वर्ष असंच गेलं. तोंडातला पांढरा चट्टा दुखत नाही, स्तनातली गाठ सुरुवातीला सहसा दुखत नाही, गर्भाशयमुखातले बदल तर कळतही नाहीत. काहीच तक्रार नसलेल्यांना तपासायचं, तेच स्क्रीनिंग. तिशी उलटली की तिन्ही तपासण्या करायच्या. आशाताई घरोघरी भरतात त्या सीबॅक फॉर्ममध्ये (आजारांचा धोका मोजायची प्रश्नावली) स्कोअर कमी आला म्हणून त्या टळत नाहीत.

'तंबाखू खाता का?' असं विचारलं की बायका ठाम नाही म्हणतात, आणि त्या खोटं बोलत नसतात. मिश्री त्यांच्या हिशेबी तंबाखू नव्हेच, दात घासायची वस्तू. म्हणून मिश्रीचं नाव घेऊनच विचारा. मग चूळ भरायला लावून टॉर्चने बघा: ओठाची आतली बाजू, गालफडं, जिभेच्या कडा, जिभेखाली. पुरुषांना पुडी कुठे दाबता ते विचारा, बोटानेच दाखवतात. (राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, हे त्यांनाही ठाऊक असतं.) तोंडात तीन बोटं उभी जात नसतील, लाल चट्टा असेल किंवा जखम दोन आठवड्यांत भरली नसेल, तर नुसतं मलम देऊन घरी पाठवू नका.

व्हीआयए, म्हणजे गर्भाशयमुखाला ॲसिटिक ॲसिड लावून नुसत्या डोळ्यांनी बघायची तपासणी, घाईने बिघडते. ॲसिड लावल्यावर पूर्ण एक मिनिट थांबायचं, तेही घड्याळ बघून. द्रावण त्याच दिवशीचं हवं. पाळी गेलेल्या बाईत बघायचा भाग बऱ्याचदा आत सरकलेला असतो; तो दिसलाच नाही तर 'निगेटिव्ह' लिहू नका. पाळी गेल्यावर रक्तस्राव झाला असेल तर ही स्क्रीनिंगची केसच नाही. शिबिराची वाट न बघता सरळ स्त्रीरोगतज्ज्ञाकडे पाठवा.

सगळ्यात जास्त बायका हरवतात त्या मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी दिल्यानंतर. 'नंदुरबारला दाखवून या' म्हणजे सातपुड्यातल्या धडगावकडच्या बाईची दिवसाची मजुरी गेली, वर एसटीचं भाडं आणि सोबतीला माणूस. कापूस वेचणीत तर विषयच नको. वार, खोली, कोणाला भेटायचं हे चिठ्ठीवर लिहा, घरातला एक फोन नंबर घ्या, आठवड्याने स्वतः फोन करा. माझ्या रजिस्टरमध्ये 'रेफर केले'च्या शेजारी मी पेनने एक रकाना आखला आहे: 'पोचली का?' पहिले काही महिने तो जवळजवळ रिकामाच होता.