पर्सनल लोन नाकारलं, तेव्हा मी काय केलं

सांगलीत मार्केट यार्डात हळदीच्या पेढीवर हिशेबाचं काम करतो. पगार खात्यात जमा होतो, तरी बँकेने विनातारण कर्ज नाकारलं. कारण विचारलं तर साहेब म्हणाले, "सिबिलमुळे सिस्टीम घेत नाही."

सिबिल म्हणजे आपल्या कर्जांची आणि फेडीची नोंद ठेवणारी कंपनी. मग तिच्या साइटवरून माझा रिपोर्ट काढला. वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. त्यातला स्कोअर, म्हणजे कर्जफेडीचे गुण, ३०० ते ९०० मध्ये असतो, पण मी आधी खात्यांची यादी वाचली. गाडीचं कर्ज कधीच फिटलेलं, एनओसी (कर्ज फिटल्याचा कंपनीचा दाखला) घरात, आणि रिपोर्टमध्ये ते चालू, वर थकबाकी!

तिथेच ऑनलाइन डिस्प्यूट, म्हणजे चुकीच्या नोंदीची तक्रार, टाकला. सिबिल स्वतःहून नोंद बदलत नाही, कर्ज देणाऱ्या कंपनीने मान्य करावं लागतं. म्हणून कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला एनओसी जोडून वेगळा मेल केला, आणि खरं काम त्यानेच झालं. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर रोजचे १०० रुपये भरपाई, हा रिझर्व्ह बँकेचा नियमही मेलमध्ये लिहिला.

"सिबिल वाढवून देतो" म्हणणाऱ्या एजंटला दमडीही देऊ नका. डिस्प्यूटला पैसे लागत नाहीत.

दुरुस्तीनंतर नवा रिपोर्ट घेऊनच अर्ज केला. मधल्या काळात दुसऱ्या बँकांत अर्ज टाकले नाहीत, कारण बँकेने केलेल्या प्रत्येक चौकशीची नोंद रिपोर्टमध्ये राहते. या वेळी कर्ज मंजूर झालं.